मन न मोडता

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या धाकटीला नोकरी लागली ती दवाखान्यात नव्हे, नोकरभरतीची कामं घेणाऱ्या एका एजन्सीत. दहा-बारा कंपन्यांच्या वतीने नकाराची पत्रं लिहायची, आणि तीही अशी की वाचणाऱ्याचं मन मोडू नये, एवढंच काम. तिने 'निवड झालेली नाही' हे शब्दच काढून टाकले आणि 'तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची आम्ही नक्की आठवण ठेवू' असं लिहिलं. वर्षभरात एकही तक्रार आली नाही, साहेब जाम खूश. तिला मात्र चैन पडेना. नकार मिळालेली माणसं हल्ली फोन करकरून आभार का मानतात, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

रविवारी ती मोठ्या भावाकडे गेली. कारखाना बंद पडल्यापासून दादा आठ महिने घरीच होता. आज मात्र स्वारी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेली. वहिनीने कौतुकाने फ्रिजवर चिकटवलेलं पत्र दाखवलं. पहिलीच ओळ धाकटीनेच लिहिलेली होती: 'तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची आम्ही नक्की आठवण ठेवू.'

"दादा, अरे, दुसरीकडेही कुठे बघतोयस ना?" तिने चाचरत विचारलं.

"कशाला? इतकं मनापासून लिहिणारी माणसं बोलावल्याशिवाय राहतील का? ते गोदामवाले उद्यापासून कामावर या म्हणून मागे लागले होते, त्यांना काल तोंडावर 'नाही' सांगून आलो."