गटाराची पाहणी

रंगूनच्या त्या गल्लीनं वर्षानुवर्षं मैलापट्टी भरली, तेव्हा कुठे जमिनीखालून पक्कं गटार झालं. आता साहेबांची देखरेख समिती आत उतरून पाहणार आणि तिनं मान डोलावली, की घरोघरचे संडास त्याला जोडणार. गल्लीतल्या दॉ न्वे यीचा तर सगळा जीव त्यातच अडकला होता. दारातल्या उघड्या नाल्याच्या वासानं तिच्या मोहिंग्याच्या, म्हणजे माशांच्या रश्शातल्या शेवयांच्या, हातगाडीकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

"साहेब नाक मुरडून गेले तर संपलंच," म्हणत तिनं अख्खी गल्ली कामाला लावली. बायकांनी गटार काथ्यानं घासलं, थिंजानच्या सणाला शिंपडतात तसं सुगंधी पाणी शिंपडलं, मोगऱ्याच्या माळा सोडल्या.

"मावशी, गटार आहे की पॅगोडा?" शेजारचा को सान हसला.

"तू गप रे. आणि उतरायचं तर आधी पाय धू."

समिती खाली गेली, ती बराच वेळ वर येईचना. अखेर अध्यक्षसाहेब नाकाला रुमाल न लावता, प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले.

"बाई, इतकं सुंदर गटार विलायतेतही नाही. आम्ही खालीच ठराव केला.

यात कुणालाही घाण सोडू द्यायची नाही."