जुलैची तांबडी फोड

"जुलैची तांबडी फोड गाळायची आहे," युद्धखात्याकडून आलेले मिस्टर पेनरोज म्हणाले. "खात्याची दुरुस्ती आहे."

हॅना क्रॉलचा कुंचला जागच्या जागी थांबला.

लंडनच्या त्या छापखान्यात आठ बायका छापील तक्ते रंगवायला बसायच्या. प्रत्येकीकडे एकच रंग, हॅनाकडे तांबडा. मृत्यूंचे हे असले गोल तक्ते नुकतेच निघाले होते. वर्तुळात महिन्याला एक फोड, रोगाने मेलेले निळे, लढाईत मेलेले तांबडे. आकड्यांच्या रकान्यांकडे साहेबलोक ढुंकूनही बघत नसत, रंग मात्र त्यांना लगेच कळायचे. या पलटणीच्या तक्त्यात जुलैला निळं रान माजलं होतं आणि तांबडी फोड केसाएवढी. एकाच माणसाची.

"का गाळायची?" हॅनाने विचारलं.

"त्याचं प्रेत सापडलेलं नाही. मग मेलेल्यांत कसा धरणार? चौकशी लावावी लागेल."

"तो माझा मुलगा आहे, सायलस! त्याचीच पलटण ही!" हॅना ताडकन उठली. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. खुर्च्या उबवणारी ही माणसं, बंदुकीचा आवाज तरी कधी ऐकला होता का यांनी? "तोफेपुढे तुम्ही उभं केलंत ना त्याला? मग प्रेत माझ्याकडे काय मागता? जा, वेचा तिथल्या चिखलातून!"

"बाई, जरा शांत व्हा..."

"एकुलता एक माझा! दर आठवड्याला पत्र टाकायचा. दीड वर्षात एक ओळ नाही. जिवंत असता तर आईला असं टांगणीला लावलं असतं त्याने? बोला की आता!"

मुकादम गॅज मध्ये पडला. "साहेब, केसाएवढी तर रेघ ती. राहू द्या की. म्हातारीचा तळतळाट कशाला घेता?"

पेनरोजनी दुरुस्तीच्या कागदावर 'मृत्यू कायम' असं लिहून सही ठोकली. निळा रंगवणारी शेजारीण डोळे पुसत होती.

हॅनाने जुलैची तांबडी फोड रंगवली. गॅजने तिला दुपारीच घरी पाठवलं.

घरी येऊन तिने आधी दाराला कडी घातली, मग पडदे ओढले.

"ये बाहेर, सायलस," ती कोळशाच्या कोठडीकडे बघत म्हणाली. "आता तुला कोणी शोधणार नाही."