फोटोची रुंदी

“माहा पोरगा नाही होय हा.” कुंताबाईने स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं. “माह्या धनेंद्रचं तोंड लांबट आहे. ह्याचे गाल पाहा ना, कसे फुगून राहिले!”

तिचा नवरा इंदरलाल मागे उभा होता. त्यानेही मान हलवली.

चंचलने पुढचा फोटो आणला. मग त्याच्या पुढचा. कुंताबाईने ते भराभर पाहिले.

गोंदियाच्या रुळांवर, फलाटांवर सापडणाऱ्या बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार एक लहानसं मंडळ करत असे. त्या मृतांचे फोटो मंडळात काम करणाऱ्या चंचलने कॉम्प्युटरवर चढवले होते आणि ते एकेक करून दाखवणारा स्क्रीनवरचा फॉर्मही तिनेच बनवला होता. आमगावकडचं हे जोडपं दर महिन्याला येई. त्यांचा मुलगा कामासाठी म्हणून रायपूरच्या गाडीत बसला तो परतला नव्हता.

“चला, आजही नाही,” कुंताबाई म्हणाली. जाताना ती जवळपास हसली.

ते गेले, पण फुगलेले गाल चंचलच्या डोक्यातून जाईनात. तिने पुन्हा फोटो चाळले. म्हातारे, तरणे, बायका. सगळ्यांचेच गाल फुगलेले होते. टेबलावर मूळ फोटोंचा गठ्ठा होता. त्यात कोणीच असं नव्हतं.

तिने फॉर्म उघडून पाहिला. फॉर्मवरची चौकट आडवी होती आणि फोटो उभे. बाजूच्या रिकाम्या पट्ट्या वाईट दिसतात म्हणून तिने फोटो ताणून चौकट भरायची सोय केली होती. किती जण आपलं माणूस समोर असताना ‘नाही’ म्हणून उठून गेले असतील?

दुपारभर ती कोड लिहीत बसली. फोटो उघडला की आधी त्याची उंची-रुंदी घ्यायची, आणि त्याच प्रमाणात चौकट लहान-मोठी करायची. एक-दोनदा फॉर्म बंद पडला. शेवटी जमलं. चेहरे एकेक करून आपल्या मापात आले.

कुंताबाईने गाल पाहून नाकारलेला फोटो उघडला तेव्हा चंचलचा हात थांबला. निमुळती हनुवटी, बसके गाल. जोडप्याने देऊन ठेवलेला मुलाचा फोटो तिने शेजारी धरला. तोच होता.

तिने त्यांच्या गावातल्या दुकानावर फोन करून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी इंदरलाल एकटाच आला.

“काका, माझी चूक झाली. फोटो बरोबर दिसत नव्हता,” चंचल म्हणाली, आणि तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

इंदरलालने एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

“मी तवाच ओळखलो होतो, बाई.”

चंचलने खुर्ची पुढे केली. “मग काऊन नाही सांगितलं?”

“पोटचा पोरगा आहे. कसाही दाखवा, बाप ओळखते.” तो खुर्चीत बसला. “तुम्ही ह्याले पहिल्यासारखा रुंद करून ठेवा.”

“तसं कसं करू? बाकीच्यांना खरे चेहरे दिसायला पाहिजेत ना, काका. हवं तर हा एक फोटो मी काढून टाकते. काकूंना दिसणारच नाही.”

“काढू नका!” तो एवढ्या जोराने बोलला की बाहेरच्या खोलीतल्या माणसाने डोकावून पाहिलं. इंदरलालने आवाज खाली आणला. “बाकीचे सारे नीट करा. हा एक राहू द्या. बाकीचे ती पाहतच नाही, बाई. ह्याच्याच साठी येते. ह्याले नाही म्हणते, अन् मंग घरी जाऊन दोन घास खाते.”