स्थळाची चौकशी

गंधालीने पसंत केलेला एतिएन फ्रेंच नौदलात अधिकारी आहे, यावर शरच्चंद्ररावांचा काडीचाही विश्वास नव्हता. युद्धनौकेवरचे फोटो काय, छातीवरची पदकं काय, हल्ली सगळं विकत मिळतं! तो सुट्टीत वर्सोव्याला उतरलाय हे कळताच ते मुलुंडहून गुपचूप तिथे गेले. पितो का, आधी लग्नबिग्न झालंय का, वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना खोदूनखोदून विचारून आले.

परतल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी माणिकताईंनी गेटवरच अडवलं. "काका, दुपारी एक गोरा आलेला. मोडक्या हिंदीत आपल्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला विचारत होता, गंधालीचे बाबा तापट आहेत का, पितात का!"

 

घरात शिरताच शरच्चंद्रराव बायकोला म्हणाले, "मुहूर्त बघ. मुलगा आपल्यातलाच आहे."