पळीभर तीर्थ

तीर्थाची पळी भांड्यावर टिणकन वाजली, तेवढाच काय तो घरात आवाज. छाती धरून पडलेल्या नवऱ्याच्या, प्रल्हादच्या ओठांवर शरयूनं तीर्थ सोडलं आणि ती पुन्हा बाहेर धावली. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा डोंगर, फोन बंद, रस्ता बर्फाखाली. त्याला खाली न्यायला पट्ट्यांवर चालणारी जुनी बर्फगाडीच तेवढी होती, आणि ती नुसतीच घरघरून गप्प होत होती. शरयूनं पेट्रोलची नळी सोडवली. आत बर्फाचा खडा अडकला होता.

"टाकीत पाणी कुठून आलं गं बाई?" ती रडकुंडीला आली.

मागून चिमुकल्या दीपानं तिचा कोट ओढला.

"काल गाडीपण सिक होती ना, म्हणून मी तिला तीर्थ दिलं. फुल ग्लास! आई, आता दोघंही बरी होतील ना?"