आडवी गाडी

जपानमधल्या तोत्तोरीच्या मोटरसायकल शाळेचा नियम साधा होता: आडवी पाडलेली चारशे सीसीची गाडी जिने एकटीने उभी केली, तिलाच प्रवेश. मित्सुएबाई दोनदा येऊन हात हलवत परत गेल्या होत्या आणि आज जमलं नाही तर पुन्हा येऊ नका, असं मास्तर कुरोसाकांनी बजावलंच होतं. गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी निवांत पडली होती, बाई मात्र घामाने निथळत होत्या. पलीकडे मैदानात पोरी खिदळत, वारा पीत चकरा मारत होत्या. तो वारा एकदा अंगावर घेतल्याशिवाय मरायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"आजी, सत्तरीत हा हट्ट कशाला? साधी स्कूटर घ्या, भाजी आणा," मास्तर म्हणाले.

"भाजी माझ्या परसात पिकते, मास्तर. थांबा जरा."

त्यांनी डोळे मिटले, गुडघे वाकवले, छाती सीटला टेकवली आणि मिठी मारावी तशी गाडी धरली. मग हळूच पुटपुटल्या, "अहो, उठा बघू. माझ्यावर भार टाका, घाबरू नका."

गाडी उभी राहिली.

"शाब्बास, आजी. पण गाडीला कुणी अहो म्हणतं का?" मास्तर हसले.

मित्सुएबाई हँडल सोडेनात.



"नवऱ्याला रोज अंथरुणातून असंच उचलायचे, मास्तर," त्या हुंदका आवरत म्हणाल्या, "पण इतक्या वर्षांत ते एकदाही असे उभे राहिले नाहीत हो."