आजची ताई

नोंदणीवाली मुलगी दुकानात आली तेव्हा दोघी म्हाताऱ्या बहिणी शिवता शिवता पेंगत होत्या. एकीचा पाय मशीनवर आपला आपणच चालला होता. दुसरी कोटाला काजं करत होती, आणि तिची सुई मधूनच हवेत टाके घालत होती. दारातून आलेल्या उन्हात कापडाचे तंतू तरंगत होते. आत येऊ का, असं मुलीने विचारलं, तर मशीनवरची डोळे न उघडताच म्हणाली, ये, पण चपला काढू नकोस, खाली टाचण्या आहेत.

ओळखपत्राचा कायदा अजून व्हायचाच होता. सोमवारी तो सभागृहात मांडणार होते. नोंदणीची यंत्रं मात्र गल्लोगल्ली आधीच फिरायला लागली होती. मुलगी बघण्याआधी वरात निघावी, त्यातला प्रकार. लोकांचा त्या ओळखपत्रावर काडीचाही विश्वास नव्हता. सध्या बहिणींकडे एकच काम येत होतं: कपड्याला आतून ओळखपत्रासाठी चोरखिसा, आणि त्याला चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचं अस्तर, म्हणजे सरकारला आरपार दिसायला नको. निवृत्त हेडमास्तरांनी तर पायजम्यालाही तसा खिसा लावून घेतला. पोस्टमनला स्वप्न पडलं होतं की तो स्वतःच्याच घरी पत्र द्यायला गेला आणि बायकोने दारातच ओळखपत्र मागितलं. तेव्हापासून बिचारा दुपारचा झोपत नव्हता. बहिणी हे सगळं ऐकून पोट धरून हसायच्या. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, तर दोन कात्र्या आणि एक मांजर.

मुलीने बेतण्याच्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारून यंत्र मांडलं. आधी एकीचा चेहरा टिपला, मग दुसरीचा. यंत्राला दोन्ही एकच वाटले आणि ते लाल झालं. मुलगी ओशाळली. जुळ्यांचं असं होतं म्हणाली, त्यांच्यासाठी एक जादा प्रश्न असतो.

"तुमच्यात मोठ्या कोण? म्हणजे आधी जन्म कुणाचा?"

"आज मी," मशीनवरची म्हणाली.

मुलीला वाटलं, आजी झोपेत बोलतायत. पण ती गंमत नव्हती. दोघी तान्ह्या असताना आईने थोरलीच्या पायात ओळखीसाठी लाल दोरा बांधला होता. बाळंतपणाला आलेल्या मावशीने दोघींना न्हाऊ घातलं आणि दोरा भिजला म्हणून सोडून वाळत टाकला. तो वाळेपर्यंत थोरली कोण आणि धाकटी कोण, याचा पत्ता कुणालाच उरला नाही. आईने हे सांगितलं ते दोघी चांगल्या मोठ्या झाल्यावर. तेव्हापासून त्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या, एक दिवस एक ताई, दुसऱ्या दिवशी दुसरी. ताईने आधी उठायचं, चहा ठेवायचा, गिऱ्हाइकांची बोलणी खायची, काय करायचं ते ठरवायचं. धाकटीने उशिरा उठायचं, हट्ट करायचा, रुसायचं आणि समजूत काढून घ्यायची. केस पांढरे झाले तरी दोघींनी एकही पाळी चुकवली नव्हती. धाकटेपणाचा दिवस तर दोघींनाही फार आवडायचा.

"आज एक, उद्या एक असं यात बसत नाही, आजी," मुलगी हळूच म्हणाली. "मोठ्या असतील त्यांनी आधी काचेवर बोट टेकवायचं, आणि एकदा टेकवलं की कायमचं. मग मलाही बदलता येत नाही."

नाहीच टेकवलं तर, असं काजंवालीने विचारलं. तर दुकानाचा परवाना पुढे चालू राहणार नाही, असं मुलीने जमिनीकडे बघत सांगितलं. तिला स्वतःलाही हे सगळं पटलेलं दिसत नव्हतं. माझ्या आईने अजून ओळखपत्र काढलेलं नाही, असंही ती पुटपुटली.

मशीन थांबलं. ऊन टेबलावर चढलं आणि यंत्राची काच पाण्यासारखी हलल्यागत दिसू लागली. मांजर त्या काचेकडे एकटक बघत बसलं. आजची पाळी मशीनवरचीची, तेव्हा बोट तिनेच टेकवायचं, हे उघड होतं. तिने हात पुढे केला. काचेवर तो अधांतरी राहिला. तिला फार भीती वाटली. उद्या सकाळी लोळत पडायचं तिने कालच ठरवलं होतं, आणि आता तो उद्या कधीच येणार नव्हता.

काजंवालीने ते पाहिलं. तिने कोट खाली ठेवला, बोटातलं अंगुस्तान काढलं आणि बहिणीचा हात बाजूला करून आपलं बोट काचेवर दाबलं.

"मी मोठी."

यंत्र हिरवं झालं.

"अगं, आज माझी पाळी होती," मशीनवरची म्हणाली.

"गप्प बस. मोठ्यांना उलट बोलू नये."

धाकटीचं बोट घ्यायला मग वेळ लागला नाही. मुलीने यंत्र पिशवीत भरलं, दोघींना वाकून नमस्कार केला आणि टाचण्या चुकवत ती निघून गेली.

दुपार पुन्हा दुकानात येऊन बसली. धाकटीने मशीनवर पाय ठेवला, पण चालवला नाही. आता रोजच रुसता येणार होतं, आणि रुसायला काही सुचत नव्हतं. तिने वळून पाहिलं. ताईने कोट मांडीवर घेतला होता, सुईत दोरा ओवलेला होता, आणि ती नुसतीच दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होती.

"काय झालं गं ताई?"

ताईने सुई कोटात खोचून ठेवली.

"काही नाही," ती म्हणाली. "आई गेली तेव्हासुद्धा मला इतकं मोठं वाटलं नव्हतं."